क्रिया आली, भाव आला का?



शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आपल्या समाजाची काही मुले-मुली आज खराडी-हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत आहेत. काही जण तेथील अनुभव गाठीशी बांधून घरच्या पेढीवर परतले आहेत आणि दुकानदारांसाठी बिलाचे ॲप, पाकीटबंद खाद्यपदार्थ, कारखान्यांना लागणारे सुटे भाग असे स्वतःचे उत्पादन घडवू पाहत आहेत. या सर्वांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येतो : ॲजाइल. वडीलधाऱ्यांना तो परका वाटतो. आणि ज्यांनी ही पद्धत स्वीकारली, त्यांच्यापैकीही अनेक जण सहा महिन्यांनी म्हणतात, बैठका वाढल्या, काम मात्र होते तसेच राहिले. असे का होते, याचा विचार या वेळी करू.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ संगणकतज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा मांडला. त्याचा आशय साधा आहे. वर्षभराची योजना आधी कागदावर पक्की करून अखेरीस माल ग्राहकापुढे ठेवण्यापेक्षा थोडे करावे, ग्राहकाला दाखवावे, त्याचे ऐकावे आणि सुधारावे. यातील स्क्रम नावाच्या प्रचलित पद्धतीत काम एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीच्या टप्प्यांत वाटले जाते. त्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. रोज १५ मिनिटांची बैठक होते. टप्पा संपला की झालेले काम संबंधितांना दाखवायचे आणि त्यानंतर आपण काम कसे केले, याचा आपसांत आढावा घ्यायचा. या आढाव्याला रेट्रोस्पेक्टिव्ह असे नाव आहे.

व्यापाऱ्याला यात नवल वाटू नये. ॲजाइल मंडळी जो कानबान फलक वापरतात, त्याचे मूळ जपानच्या टोयोटा कारखान्यात आहे. आणि तेथील ताइची ओनो यांना ती कल्पना अमेरिकेतील किराणा मालाच्या मोठ्या दुकानांवरून सुचली. फळीवरून ग्राहकाने जेवढे उचलले तेवढेच पुन्हा भरायचे, हा तो नियम. आपल्या दुकानांत रोजमेळ त्याच दिवशी जुळवण्याची शिस्तही त्याच जातीची आहे. चूक त्या दिवशी सापडली तर ती रुपयांची असते. वर्षअखेरीस सापडली तर तिचा हिशेबच लागत नाही.

मग अडते कोठे? पहिली अडचण आपल्याला धर्मक्रियेवरून नीट समजेल. राई, देवसी, पक्खी, चौमासी आणि संवत्सरी असे प्रतिक्रमणाचे पाच प्रकार आपण जाणतो. रोजचा, पंधरवड्याचा, चार महिन्यांचा आणि वर्षाचा आढावा ही व्यवस्था आपल्या परंपरेत शतकानुशतके चालत आली आहे. परंतु आपले मुनिवर्य द्रव्य प्रतिक्रमण आणि भाव प्रतिक्रमण यांतील भेदही आवर्जून सांगतात. पाठ मुखोद्गत आहे, कटासन अंथरले आहे, मन मात्र बाजारभावात आहे. अशा वेळी क्रिया होते, मागे फिरणे होत नाही. ॲजाइलचे हेच झाले आहे. रोजची बैठक होते, पण ती साहेबांना हजेरी देण्यासाठी. आढाव्यात फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या लागतात, पण पुढच्या टप्प्यात त्यांतील एकही गोष्ट बदलत नाही. हे द्रव्य ॲजाइल होय.

दुसरी अडचण संकोचाची. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी मार्टिन फाउलर यांनी, त्यांच्या थॉटवर्क्स कंपनीने बंगळूरमध्ये या पद्धतीने काम सुरू केल्यानंतर, आपला अनुभव लिहिला आहे. त्याचे सार असे की, वरिष्ठांपुढे नमते घेण्याची सवय जेथे रुजली आहे, तेथे माणसे प्रश्न विचारत नाहीत, अडचण सांगत नाहीत आणि मुदत अशक्य असली तरी मान हलवतात. हे आपल्या घरांनाही लागू पडते. मोठ्यांचा आदर हा आपला संस्कार आहे आणि तो राहिला पाहिजे. परंतु ‘भाईजी, हे चालणार नाही’ असे पुतण्याला म्हणता येत नसेल, तर दर पंधरवड्याला बैठक घेऊन काय साधणार? स्थानांग सूत्रात आलोचना ऐकणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. तो बोलणाऱ्याचा संकोच दूर करणारा असावा आणि अपरिस्रावी असावा, म्हणजे ऐकलेला दोष दुसरीकडे पाझरू न देणारा. आढाव्याच्या बैठकीला याहून चांगला नियम सापडणे कठीण. तेथे कबूल केलेली चूक रात्री जेवणाच्या ताटावर चर्चेला आली, किंवा पगारवाढीच्या वेळी काढली गेली, की पुढच्या बैठकीत सर्व काही ‘ठीक’ असते.

तिसरी अडचण अधिकाराची, आणि तीच सर्वांत अवघड. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. डब्यांवरच्या पाट्या बदलून गाडीची दिशा बदलत नसे. ग्राहकाशी रोज बोलणारा मनुष्य एका टोकाला आणि निर्णय गादीवर दुसऱ्या टोकाला, अशी रचना कायम ठेवून ॲजाइलची पाटी लावली जाते. दर, तारीख आणि मालाचे स्वरूप या तिन्ही गोष्टी आधीच पक्क्या केल्या, तर ग्राहकाचे ऐकून बदलायला उरते काय? टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच साधा कामगारही दोरी ओढून काम थांबवू शकतो. त्या दोरीला किंमत येते ती मालकाने दिलेल्या विश्वासामुळे.

अर्थात, प्रत्येक धंद्याला ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. रांजणगावच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवायचे, तर साचा एकदा पोलादात कोरल्यावर तो दर पंधरवड्याला बदलता येत नाही. कुरकुंभच्या रासायनिक उत्पादनात सुरक्षेचे नियम आणि परवानग्या आधी, प्रयोग नंतर. तेथे बदल स्वस्त असतो तो कागदावर, नमुन्यावर, प्रयोगशाळेत; म्हणून ऐकण्या-सुधारण्याचे टप्पे त्या अवस्थेतच उरकावेत. पाकीटबंद पदार्थाचेही तसेच. दहा हजार पाकिटे छापण्यापूर्वी पन्नास घरी चव द्यावी.

यात पणाला लागते ते केवळ भांडवल नव्हे. शहरातील नोकरी सोडून घरी आलेल्या मुलाने किंवा सुनेने सांगितलेली अडचण तीन वेळा कोणी ऐकली नाही, तर चौथ्या वेळी ते सांगत नाहीत. शांतपणे पुन्हा खराडीला खोली पाहतात. पेढीचा माल पडून राहिला तर तो सवलतीत विकता येतो. गेलेले माणूस तसे परत आणता येत नाही.

म्हणून आरंभ लहान करावा. एकच उत्पादन, पाच-सहा माणसे आणि पंधरा दिवसांची मुदत. शेवटच्या दिवशी एका खऱ्या ग्राहकाला समोर बसवून केलेले काम दाखवावे. मग आपसांत बसून काय साधले, काय चुकले आणि पुढच्या खेपेस कोणती एक गोष्ट बदलायची, एवढेच ठरवावे. सर्वांत लहानाने आधी बोलावे, गादीवरच्या ज्येष्ठांनी सर्वांत शेवटी. आणि ठरलेली ती एक गोष्ट पुढच्या पंधरवड्यात खरोखर बदलली का, हे रोजमेळाच्या वहीतच लिहून ठेवावे.