पटणारा चेहरा आणि शोभणारा चेहरा

फेब्रुवारी उजाडला की कांदिवलीत, स्थानकालगतच्या गल्ल्यांपासून पश्चिमेला महावीर नगरापर्यंत आणि पूर्वेला ठाकूर व्हिलेजपर्यंत, फोटो स्टुडिओंच्या दारांवर 'नीटचे फोटो काढून मिळतील' अशा पाट्या दिसू लागतात. इतरांचे फोटो मग कसे काढता, असे विचारण्याचा मोह आम्हांला दरवर्षी होतो आणि दरवर्षी तो आवरावा लागतो. कारण आत बाकावर बसलेल्या मुलामुलींच्या चेहऱ्यांवर विनोदाला जागा नसते.

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अर्जावर कोणता फोटो लावावा, हा प्रश्न मग सोसायटीच्या जिन्यात, क्लासच्या व्हरांड्यात आणि नातेवाइकांच्या फोनवर चघळला जातो. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. तरीही शेजारधर्म म्हणून तो आमच्यापर्यंत येतो. त्याला मिळणारी उत्तरे मासलेवाईक असतात. 'जरा उजळ येऊ दे.' 'टिकली नको, मागासलेले वाटते.' 'टिकली हवीच, घरंदाज वाटते.' 'डॉक्टरला शोभेल असा काढ.' या सल्ल्यांविरुद्ध आम्हांला लिहायचे आहे. पण भांडण तेवढ्यापुरते नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा तो सपाट फोटो म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा खून, राज्यसंस्थेच्या नजरेची हिंसा, असे मानणारे आमच्याच वर्तुळातील जे विद्वान मित्र आहेत, त्यांच्याशीही ते आहे. आमचे म्हणणे असे, की या अर्जासाठी योग्य फोटो एकच : ज्यावरून ओळख पटते तो. शोभणारा फोटो मागणारे आणि सपाट फोटोला नावे ठेवणारे हे दोघेही त्या चार इंची कागदाकडून भलतेच काही मागत आहेत.

आधी नियम पाहू, कारण सल्ला देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. २०२४ च्या माहितीपत्रकात मागणी स्पष्ट होती. फोटो अलीकडचा हवा, पार्श्वभूमी पांढरी, चेहरा मुखपट्टीविना आणि कानांसह ऐंशी टक्के दिसणारा. टोपी आणि गॉगल नको. नेहमीचा चष्मा असेल तर चालेल. एक पासपोर्ट आकाराचा आणि एक पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे चार बाय सहा इंचांचा. त्याच फोटोच्या प्रती परीक्षा, समुपदेशन आणि प्रवेश या पुढच्या पायऱ्यांसाठीही जपून ठेवायच्या. आणि एक कलम असे, की फोटो बनावट, विरूपित किंवा संगणकावर घडवलेला आढळल्यास अर्ज फेटाळला जाईल व तो गैरप्रकार मानला जाईल. या यादीत सौंदर्याचा, घरंदाजपणाचा किंवा डॉक्टरकीला शोभण्याचा उल्लेख कोठेही नाही. त्या वर्षी २४ लाखांहून अधिक मुलांनी नावनोंदणी केली होती आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या आसपास होत्या. यांतील एकाही जागेचा निर्णय फोटो पाहून झालेला नाही. फोटोचे काम परीक्षेच्या दिवशी सुरू होते. पर्यवेक्षकाने, आणि तो पुष्कळदा आमच्यासारखा मास्तरच असतो, हजेरीपत्रकावरचा चेहरा आणि बाकावरचा चेहरा काही क्षण ताडून पाहायचा, एवढेच.

असे असताना शोभण्याची ही हाव येते कोठून? आम्हांला तिचे कूळ स्पष्ट दिसते. मराठी मध्यमवर्गाला स्टुडिओत जाऊन फोटो काढण्याची सवय लागली ती मुख्यतः मुलींची स्थळे पाहण्याच्या निमित्ताने. कोणाची तरी उसनी पैठणी, शेजारी कुंडी, मान किंचित वळवलेली आणि नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कोठेतरी. तो फोटो ओळख पटवण्यासाठी नव्हताच, पसंत पडण्यासाठी होता; आणि पसंतीच्या बाजारात सावळेपणा हे वैगुण्य असल्यामुळे ते झाकण्याची विद्या स्टुडिओवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावली. पूर्वी ती पेन्सिलीने निगेटिव्हवर चाले, आता माउसने पडद्यावर चालते. वैद्यकीय अर्जाचा फोटो काढताना तोच हात, त्याच सवयीने, तेच करतो. त्याला कोणी सांगावेही लागत नाही.

चारकोपमधील आमच्या परिचयाच्या एका मुलीचे असेच झाले. स्टुडिओतून आलेल्या फोटोत तिचा रंग दोन छटांनी उजळला होता, जबडा कोरला गेला होता आणि हनुवटीजवळचा ठळक तीळ नाहीसा झाला होता. आई प्रसन्न होती. आत्याने तो फोटो जपून ठेवावा, पुढे उपयोगी पडेल, असेही सुचवले (कशासाठी ते सांगायला नकोच). मुलगी मात्र फोटोकडे पाहत बसली आणि म्हणाली, "ही पास झाली तर मला प्रवेश मिळेल का?" सरकारी कागदांवर 'शरीरावरील ओळखखूण' असा एक रकाना असे आणि आपण त्यात तीळ, व्रण, जन्मखूण मोठ्या काळजीने लिहीत असू, हे आठवावे. ओळख पटवण्यासाठी निसर्गाने दिलेली खूण ओळख पटवण्याच्या कागदावरूनच खोडून काढायची, आणि तीही स्वतःच्या खर्चाने! वर सांगितलेले विरूपणाचे कलम अशा फोटोला लागू पडू शकते, हा व्यावहारिक धोका आहेच. पण अठराव्या वर्षी, आयुष्यातील सर्वांत अवघड परीक्षेच्या उंबरठ्यावर, घरच्यांनी आणि स्टुडिओवाल्याने मिळून तुझा चेहरा डॉक्टरचा नाही असे एखाद्या मुलीला सांगणे, हा अपमान आम्हांला त्या धोक्याहून मोठा वाटतो. तिने पुढे ज्या वॉर्डांत उभे राहायचे, तेथील रुग्णांचे चेहरे तिच्याच रंगाचे असणार आहेत.

आता आमच्या विद्वान मित्रांकडे वळू. त्यांचा आक्षेप उथळ नाही आणि त्यामागचा इतिहास खरा आहे. समोरून घेतलेला, भावहीन, सारख्या प्रकाशातला चेहरा ही पोलिसांची निर्मिती आहे. पॅरिसच्या पोलिसदलातील अल्फाँस बर्तियाँ याने १८८० च्या दशकात गुन्हेगारांची मोजमापे आणि ठरावीक पद्धतीची छायाचित्रे यांची जी व्यवस्था लावली, तिचा हा वंशज. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' वर्गात शिकवताना हजेरी, नोंद आणि संशय यांनी माणसाचे काय होते ते आम्ही विद्यार्थ्यांना सांगतोच. तेव्हा परीक्षेच्या दारात अंगठा उठवून घेणाऱ्या आणि चेहरा ताडून पाहणाऱ्या व्यवस्थेत त्या नोंदवहीचा वास येतो, हे आम्ही नाकारत नाही.

परंतु वंशावळ दाखवली म्हणजे निवाडा झाला, ही अलीकडच्या समीक्षेची एक आळशी खोड आहे. प्रश्न असा, की त्या सपाट फोटोच्या जागी 'व्यक्तिमत्त्व दाखवणारा' फोटो आला तर कोणाचे भले होते? याचे उत्तर आपल्याला कल्पनेने शोधावे लागत नाही. १९२६ साली हार्वर्डने प्रवेश-अर्जासोबत छायाचित्र मागण्यास आरंभ केला तो ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याच्या खटाटोपात. आडनावावरून जे कळत नव्हते ते चेहऱ्यावरून कळावे म्हणून. २०१९ साली 'अकॅडेमिक मेडिसिन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रेडिओलॉजीच्या निवासी पदांसाठीचे कृत्रिम अर्ज निरनिराळे फोटो जोडून प्रत्यक्ष निवड करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवले गेले. दिसायला आकर्षक उमेदवारांना झुकते माप मिळाले आणि स्थूल उमेदवार मागे पडले. हे निवडकर्ते दुष्ट नव्हते, डॉक्टर होते. जेथे फोटो निवडीत उतरतो तेथे तो असा उतरतो. आपल्याकडे दामू नगरच्या वस्तीतून येणारी मुलगी आणि लोखंडवाला टाउनशिपमधून येणारा मुलगा यांच्यात क्लासच्या शुल्कापासून अभ्यासाच्या खोलीपर्यंत सारे विषम आहे. या विषमतेत तो पांढरा चौकोन एक असा आहे, की जेथे दोघांनाही सारखेच कंटाळवाणे दिसण्याचा हक्क आहे. तो हक्क सिद्धांताच्या नादात आम्ही सोडणार नाही.

शिवाय ओळख पटवण्याची गरज काल्पनिक नाही. मध्य प्रदेशातील व्यापम प्रकरण २०१३ मध्ये उघडकीस आले, त्यात प्रवेशपत्रांवरील फोटोंची अदलाबदल करून तोतये बसवण्याचा धंदाच चालला होता. त्याच प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ६३४ जणांचे प्रवेश रद्द केले. २०१९ मध्ये तमिळनाडूतील तेनी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एका विद्यार्थ्याचा चेहरा कागदपत्रांवरील फोटोशी जुळेना. त्याच्या नावाने मुंबईच्या केंद्रावर दुसराच कोणी परीक्षेला बसल्याचा आरोप होता. अशा प्रत्येक तोतयाने कोणा खऱ्या मुलाची जागा खाल्लेली असते. फोटोंची सरमिसळ करून दोन चेहऱ्यांमधला तिसरा घडवणे आता कोणालाही जमते. आणि घरगुती हौसेने केलेली सफाई व तोतयाच्या सोयीसाठी केलेली सफाई यांत, नुसत्या डोळ्याने पाहणाऱ्या पर्यवेक्षकाला, फरक करता येत नाही.

सपाट फोटोची बाजू घेताना त्याचा प्रत्येक नियम पवित्र मानण्याचे मात्र कारण नाही. कानांचेच पाहा. मालवणीहून कांदिवलीच्या क्लासना येणाऱ्या मुलींपैकी काही हिजाब घेतात. परीक्षागृहात पारंपरिक पोशाखाला परवानगी आहे. अट एवढीच, की तपासणीसाठी लवकर यावे. फोटोत मात्र कान दिसायलाच हवेत. भारतीय पासपोर्टच्या फोटोत धार्मिक कारणासाठी डोके झाकलेले चालते; हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही कडांपर्यंत चेहरा दिसला की झाले. ज्या ओळखीवर माणूस देशाची सीमा ओलांडू शकतो, ती परीक्षेच्या बाकासाठी अपुरी का पडावी? कान हा बर्तियाँचा लाडका अवयव होता, त्याच्यावर त्याचा चेहऱ्याहूनही अधिक विश्वास होता. बोटांचे ठसे घेतले जात असताना कानांचा हा आग्रह आम्हांला निष्कारण वाटतो. आमचे विद्वान मित्र 'नजर' या विषयावर लिहिण्याऐवजी या एका अटीविरुद्ध निवेदन लिहितील, तर आम्ही त्यावर सही करू.

सुंदर आणि बोलक्या फोटोच्या बाजूने एक दाखला हमखास पुढे केला जातो, तो आनंदीबाई जोशी यांचा. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये ऑक्टोबर १८८५ मध्ये घेतलेले ते छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे : साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशच्या वेषात. असा फोटो लावता आला तर अर्जात जीव येईल, असे एका चर्चेत आम्ही ऐकले. पण ते छायाचित्र प्रवेशाचे नव्हते. प्रवेश त्याआधी दोन वर्षांपूर्वी झाला होता, आणि तो चेहऱ्यावर नव्हे, पत्रावर झाला होता. जून १८८३ मध्ये अमेरिकेत पोहोचलेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी महाविद्यालयाला पत्र लिहून आपण का शिकू इच्छितो ते सांगितले, आणि प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही हेही प्रांजळपणे लिहिले. १८८५ चा फोटो पाहणाऱ्यांसाठी होता, दूरदेशींचे नवल दाखवणारा होता. पत्र त्यांचे स्वतःचे होते.

आजच्या अर्जात या पत्राला जागा नाही. नाव, जात, गुण, केंद्राचे पर्याय, अंगठा, सही. एक पूर्ण वाक्य लिहावे असा रकाना त्यात शोधून सापडत नाही. चोवीस लाख अर्ज माणसांनी वाचणे शक्य नाही, हे आम्हांला कळते, आणि पत्रावर गुण देऊ लागलो तर पत्रे लिहून देणारे क्लास महावीर नगरात महिन्याभरात निघतील, हेही कळते. पण मुलीने दोन वर्षे रात्रीचा दिवस केला, बापाने कर्ज काढले, आणि या साऱ्याचा उच्चार करायला कागदावर एक ओळही नाही, म्हटल्यावर घरची माणसे ते सगळे त्या एका फोटोत कोंबू पाहतात. उजळ कर, हसरा कर, शोभेल असा कर, या सूचनांच्या मुळाशी ही कोंडी आहे, आणि तिच्यापुरती आम्हांला त्या आईबापांची कणव आहे. स्टुडिओवाल्याची नाही.

तेव्हा स्टुडिओत जाणाऱ्या मुलांनी एवढेच सांगावे, की काही पुसू नका. आणि पत्राचे म्हणाल, तर प्रवेशानंतर त्याला जागा निघू शकते. २०१९ साली एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या आरंभी फाउंडेशन कोर्स सुरू झाला, आणि त्यात भाषिक कौशल्यांसाठीही तास राखून ठेवले गेले. ते तास रुग्णाशी बोलण्यापुरत्या मराठीत संपवले नाहीत, तर त्यांतला एक तास प्रत्येक विद्यार्थ्याने आपण येथे का आलो हे एका पानात, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत, लिहून काढण्यासाठी देता येईल. त्याला गुण देऊ नयेत. वाचायला माणसे हवी असतील, तर उपनगरांतील महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आम्ही काही जण त्यासाठी यायला तयार आहोत.