पोथी मिटल्यावर

वाचकहो, दिवाळीची सुटी म्हणजे मुलांना अभ्यासापासून मोकळीक, असा आपला समज असतो. पण ज्यांच्या घरी विद्यापीठाच्या उंबरठ्यावर उभा असलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना याविषयी विचारून पाहावे. गेल्या दिवाळीत आम्ही सर्व मंडळी काशीस माझ्या मामांकडे गेलो होतो. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या भागात महाराष्ट्रातून आलेली घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. मामांचे घर त्यांपैकीच एक. पंचगंगेवर कार्तिकातले आकाशदिवे लागले होते, घरात फराळाचा दरवळ होता, आणि माजघरात दोन मुले पुस्तकांच्या ढिगाऱ्याआड मान खाली घालून बसली होती.

त्यांतला एक मामांचा नातू. तो तेथील संस्कृत पाठशाळेत उत्तर मध्यमेच्या दुसऱ्या वर्षात आहे. उत्तर मध्यमा ही आपल्या अकरावी-बारावीच्या बरोबरीची दोन वर्षांची पायरी होय. ती ओलांडली की ‘शास्त्री’ या पदवीचा मार्ग खुला होतो. दुसरी माझी पुतणी. ती पुण्याहून आली होती. ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ या, १९६८ साली जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या संस्थेचा दोन वर्षांचा डिप्लोमा ती करीत आहे. त्यात सहा विषय असतात. त्यांपैकी किमान तीन उच्च स्तरावर घ्यावे लागतात. शिवाय स्वतः विषय निवडून चार हजार शब्दांपर्यंतचा संशोधनपर निबंध, ज्ञान म्हणजे काय याचा विचार करावयास लावणारा एक स्वतंत्र अभ्यासक्रम, आणि कला, व्यायाम व सेवा यांसाठी राखून ठेवलेला वेळ. एकूण गुण पंचेचाळीस. माझ्या पुतणीने हौसेने तीनऐवजी चार विषय उच्च स्तरावर घेतले होते.

भाऊबीज झाली त्या रात्री तिने आपल्या वडिलांना सांगितले, “बाबा, मला हा डिप्लोमा सोडायचा आहे.”

घरात शांतता पसरली. थोरले बंधू काही बोलेनात. हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. रात्री एक-एक वाजेपर्यंत ती वाचीत बसते. प्रत्येक धडा चारचार वेळा वाचते, त्यावर निरनिराळ्या रंगांच्या रेघा मारते. पण शाळेच्या चाचणीत जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका हाती आली आणि सारे कोरे झाले. “मला येत होतं हो! वाचताना सगळं येत होतं,” असे म्हणताना तिचे डोळे भरून आले.

मामांनी आयुष्यभर पाठशाळेत व्याकरण शिकवले आहे. त्यांनी तिची समजूत घातली नाही. त्यांनी फक्त विचारले, “बाळ, तू पुस्तक मिटून कधी बसतेस?”

“मिटून? मग अभ्यास कसा होणार, मामाआजोबा?”

मामांनी देवघरातून उदबत्तीची एक काडी आणली, तिच्या जीवशास्त्राच्या ग्रंथात कोठेतरी खुपसली आणि पान उघडले. मूत्रपिंडाचे कार्य निघाले. पुस्तक आपल्या मांडीवर पालथे ठेवून ते म्हणाले, “आता हे मला समजेल असं सांग.” तिने तीन वाक्ये सांगितली आणि ती थांबली. मग मामांनी नातवाची ‘कौमुदी’ घेतली. काडीवर निघालेले सूत्र त्याने वृत्तीसह खणखणीत म्हणून दाखवले. पण ‘हे सूत्र लागून सिद्ध होणारे, या पानावर नसलेले एखादे रूप सांग,’ असे म्हणताच तोही गप्प झाला. एकीपाशी वाचन होते पण आठवण नव्हती, दुसऱ्यापाशी आठवण होती पण तिचा उपयोग नव्हता. आणि दोघांनाही हे तोपर्यंत ठाऊक नव्हते.

वाचकहो, मामांनी केलेला हा प्रकार नवा नव्हे. पोथीत काडी घालावी आणि जे पान निघेल तेथून विद्यार्थ्याने विवेचन करावे, या रीतीला आपले पंडित ‘शलाका परीक्षा’ म्हणत आले आहेत. संस्कृत शास्त्रांच्या स्पर्धांत ती आजही घेतली जाते. तिच्यातले मर्म आता प्रयोगशाळेतूनही सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेली तीन सत्रे तो न पाहता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना मजकुराचा शेकडा ८३ भाग आठवला, लिहिणाऱ्यांना ७१. परंतु आठवड्यानंतर वाचणाऱ्यांपाशी ४० उरला होता, तर लिहिणाऱ्यांपाशी ६१. माझ्या पुतणीच्या अश्रूंचे कारण या चार आकड्यांत आहे. पुनःपुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखणे वेगळे आणि त्याचे नाव आपण होऊन आठवणे वेगळे. परीक्षेत नाव विचारतात.

तेव्हा, विद्यार्थी मित्रांनो, पहिली सूचना हीच की अभ्यासाच्या प्रत्येक तासातली शेवटची वीस मिनिटे पुस्तक मिटून घालवा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेले निराळ्या शाईने भरा. ही दुसरी शाई म्हणजे तुमच्या उद्याच्या अभ्यासाची यादी होय. तोच धडा त्याच दिवशी पाच वेळा न घोकता तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा काढा. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर वर्षानुवर्षे प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की विसरणे आरंभी वेगाने होते, पुढे ते मंदावते. आणि त्याच आवृत्त्या अनेक दिवसांवर विभागल्या तर कमी श्रमांत पाठ होते.

दुसरी सूचना नातवाच्या ‘कौमुदी’नेच दिली आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत जवळजवळ चार हजार सूत्रे आहेत. सतराव्या शतकात काशीतच भट्टोजी दीक्षितांनी ‘सिद्धान्तकौमुदी’ रचली. त्यांनी पाणिनीचा क्रम बाजूस ठेवून संधी, नामरूपे, समास अशा विषयवारीने सूत्रे मांडली. शब्द सिद्ध करताना जे जेव्हा लागते ते एकत्र सापडावे, हा हेतू. पुढे त्यांचे शिष्य वरदराज यांनी तिचे संक्षेप केले: मध्यसिद्धान्तकौमुदी, लघुसिद्धान्तकौमुदी आणि सारसिद्धान्तकौमुदी. आपल्या टिपणांचेही असेच करावे. प्रथम पाठ्यपुस्तकाचा क्रम मोडून जसे प्रश्न येतात त्या क्रमाने विषय स्वतः मांडावा. मग त्याचे दहा पानांचे टिपण दोन पानांवर आणावे आणि दोन पानांचे एका कार्डावर. काय गाळावे हे ठरवताना विषय कळतो. दुसऱ्याची तयार टिपणे आणली तर हा लाभ होत नाही, कारण गाळण्याचे श्रम दुसऱ्याने केलेले असतात.

तिसरी सूचना निबंध लिहिणाऱ्यांसाठी. काशीत नागपंचमीस नागकूपावर पंडितांचे शास्त्रार्थ होतात. त्या परंपरेत आपले मत मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, सांगावे लागते, आणि तेही त्याला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे. चार हजार शब्दांचा निबंध असो वा इतिहासाचे दीर्घोत्तर, आरंभी एका कागदावर लिहावे: माझे म्हणणे काय, याविरुद्ध शहाणा माणूस काय म्हणेल, आणि त्यावर माझ्यापाशी पुरावा कोणता. हा कागद साधला नाही तर विषय अजून नीट बेतलेला नाही असे समजावे. तो वेळीच लहान करावा. शेवटच्या महिन्यात विषय बदलण्यापेक्षा पहिल्या महिन्यात तो आखूड करणे सोपे असते.

चौथी सूचना विश्रांतीची. पाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी अशा तिथींना अनध्याय पाळण्याची रीत आहे. त्या दिवशी नवा पाठ होत नाही. आपल्या पूर्वजांनी विद्येच्या नियमातच विश्रांती घालून ठेवली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आठवड्यातील एक अर्धा दिवस नव्या अभ्यासाला बंदी असावी. झोपेच्या बाबतीत तर मुळीच काटकसर करू नये. दिवसा शिकलेले पक्के होण्याच्या कामी झोपेचा मोठा वाटा आहे. रात्री एकपर्यंत वाचणारा विद्यार्थी एका हाताने भरतो आणि दुसऱ्या हाताने सांडतो.

एक शब्द पालकांसाठीही. “किती पाने झाली?” हा प्रश्न आपण टाकून द्यावा. त्याचे उत्तर मुलांना नेहमी देता येते आणि त्यातून कोणालाच काही कळत नाही. त्याऐवजी जेवणानंतर दहा मिनिटे त्यांच्यासमोर बसावे आणि म्हणावे, “आज शिकलास ते मला समजावून सांग.” विषय आपल्याला येत नसला तर अधिकच चांगले. न समजणाऱ्याला समजावताना स्वतःचे न समजणे आपोआप उघडे पडते. मात्र मूल अडखळले की चेहऱ्यावर निराशा दिसू देऊ नये. मामांनी त्या रात्री ना डोळे वटारले, ना उसासा टाकला. ते इतकेच म्हणाले, “बरं झालं, आत्ता कळलं. अजून वेळ आहे.”

पुढचे तीन दिवस दोघे मुलांनी आळीपाळीने काडी घातली. मोजदाद केली तेव्हा पुतणीला दिसले की जीवशास्त्र तिला वाटत होते तितके कच्चे नव्हते, ते आठवण्याचा सराव तेवढा नव्हता. परंतु चौथा विषय, गणित, उच्च स्तरावर पेलण्यासारखे खरोखरच नव्हते. तेथे पाया कच्चा होता, आणि तो भरण्यास लागणारा वेळ इतर पाच विषयांच्या तोंडून काढावा लागला असता. पुण्यास परतल्यावर तिने शिक्षकांचा सल्ला घेतला आणि तो एक विषय साधारण स्तरावर आणला. डिप्लोमा सोडला नाही. थोरल्या बंधूंना प्रथम हे कमीपणाचे वाटले. मला तसे वाटत नाही. आपल्याला काय येत नाही हे परीक्षेच्या सहा महिने आधी कळणे आणि परीक्षेच्या दालनात कळणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तिची परीक्षा मे महिन्यात आहे, नातवाची त्याआधी. निकाल काय लागतील ते त्यांच्या हातचे पुष्कळ आणि दैवाचे थोडे. पण परवा पुतणीचा फोन आला तेव्हा तिने किती वाचले हे सांगितले नाही. “काका, आज काडी रक्ताभिसरणावर पडली. ऐका,” असे म्हणून ती बोलू लागली. मी हातातले काम बाजूस ठेवले आणि ऐकत राहिलो. दोनदा अडखळली, “थांबा, हे पाहून ठेवते,” म्हणाली आणि पुढे गेली. वाचकहो, आपल्या घरातही उदबत्तीची काडी असेलच.