पंगतीतला आग्रह आणि मधुमेह

आमच्या बेळगाव भागात पाहुणा पोटभर जेवून उठला, एवढ्याने यजमानाचे समाधान होत नाही. ‘आता पुरे’ असे त्याने म्हटल्यावर पानात जे पडते, त्यावरून घराचे आतिथ्य मोजले जाते. लग्नकार्यात मांडे असावयाचे, घरी कोणी परगावाहून आले तर मुद्दाम कुंदा आणवावयाचा, आणि पाहुण्याने पानावर हात आडवा धरलाच तर बोटांच्या फटीतून वाढण्यातच वाढप्याचे कसब! ही रीत प्रेमातून आली आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. पोटभर अन्न मिळणे हेच ज्या काळी भाग्य होते, त्या काळी आग्रहाला अर्थही होता. परंतु आज त्याच पंगतीत बसलेल्या कित्येकांच्या रक्तातील साखर मर्यादेबाहेर गेलेली असते. अशा माणसाला ‘एका जिलबीने काय होते?’ म्हणून चारचौघांत भरीस घालणे हे आतिथ्य नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘कित्येक’ हा शब्द आम्ही सैलपणे वापरलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटी १० लाख, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची १३ कोटी ६० लाख असा अंदाज दिला आहे. सर्व राज्यांत वरचा क्रमांक लागला तो गोव्याचा. तेथे प्रौढांपैकी २६.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला. गोवा आम्हांला परका नाही. चोर्ल्याचा घाट उतरला की आमची सोयरीक सुरू होते. तेव्हा तिकडच्या एखाद्या लग्नात शेजारीशेजारी चार वडीलमाणसे बसली, तर त्यांतील एकाला हा विकार असण्याचा संभव आहे, एवढे वाढप्याने ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आता प्रश्न असा की, अशा माणसाने खावे तरी काय? येथे आमच्या घरांतील समजुती मोठ्या गमतीच्या आहेत. आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. त्यांनी चहातील साखर सोडली, आणि ती सोडल्याचे ते प्रत्येक आल्यागेल्याला अभिमानाने सांगत. मात्र दुपारच्या जेवणात भाताचे दोन डोंगर, वर आमटी, शेवटी दहीभात, आणि ‘साखर नाही ना, मग गुळाचा खडा चालतो’ म्हणून जेवणानंतर गूळ! रक्तातील साखर उतरेना तेव्हा दोष औषधाला.

वस्तुतः विद्यार्थ्यांनी शास्त्राच्या तासाला शिकलेली गोष्ट एवढ्यासाठी पुरेशी आहे. तांदूळ, गहू, ज्वारी, बटाटा, साबूदाणा या सर्वांतील पिष्टाचे पोटात पचन होऊन ग्लुकोज तयार होते आणि ते रक्तात मिसळते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन ते ग्लुकोज पेशींत शिरण्यास मदत करते. इन्सुलिन अपुरे पडले, किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की ग्लुकोज रक्तातच साचून राहते. ते चहातून आले की भातातून, हे रक्त विचारीत नाही. गूळ हीही बहुतांशी साखरच. तिचा रंग तपकिरी आहे आणि तिच्याविषयी आपल्या मनात आदर आहे, एवढाच भेद. मधाचीही कथा फारशी निराळी नाही. आणि उपवासाच्या दिवशी साबूदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी व रताळ्याचे गोड काप अशी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ झाली, तर त्या दिवशी पुण्य किती लाभते हे आम्ही सांगू शकत नाही. रक्तातील साखर किती वाढते हे मात्र बोटातील रक्ताचा एक थेंब सांगू शकतो. शिवाय गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्याने निर्जळ उपवास डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये, हेही येथेच सांगितलेले बरे.

म्हणजे भात वर्ज्य करावा काय? मुळीच नाही. ज्वारीची वा नाचणीची भाकरी सालाकोंड्यासह असल्यामुळे पांढऱ्या भातापेक्षा बरी, हे खरे; परंतु बरी म्हणून चार खाल्ल्या तर तिचा बरेपणा संपला. प्रश्न पदार्थाइतकाच प्रमाणाचाही आहे. पानात उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक यांना जागा अधिक आणि भाताला कमी. जेवल्यावर लगेच आडवे होण्याऐवजी थोडे चालणे. फळांचा रस काढण्यापेक्षा फळ चावून आणि बेताने खाणे. आता गंमत अशी की, या सगळ्यांत रोग्याचेच असे काय आहे? हे जेवण घरातील सर्वांनी जेवावयास हवे. आमच्या घरांतून मात्र आजोबांसाठी एक बेचव पान निराळे मांडले जाते, आणि समोर नातवंडे श्रीखंड-पुरी खात बसतात. असे वेगळे पंक्तीला बसविलेले माणूस रात्री चोरून डबा उघडते, यात आम्हांस नवल वाटत नाही.

‘आमचा बांधा बारीक, आम्हांला कोठला मधुमेह!’ असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम सांगण्याजोगे आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो अंक असतो, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. परंतु अंगातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली! वरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त, अशी आपल्यापैकी अनेकांची घडण असते. तेव्हा केवळ आरशात पाहून निश्चिंत होणे योग्य नव्हे; रक्त तपासून घ्यावे.

तपासणीविषयीही एक खोड सांगितली पाहिजे. काही मंडळी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन दिवस गोड टाळतात, भात कमी करतात, आणि रक्तातील साखरेचा आकडा चांगला आला की घरी येऊन पुरणपोळीवर ताव मारतात. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार! त्यावर आता उपाय निघाला आहे. रक्तातील साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते, आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यामुळे ‘एचबीए१सी’ ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब मांडते. हा आकडा ६.५ टक्के किंवा अधिक असला तर मधुमेह समजतात. दोन दिवसांच्या संयमाने तो फसत नाही.

कारले, मेथ्या यांविषयी थोडक्यात सांगतो. भाजी म्हणून त्या खुशाल खाव्यात. परंतु त्यांच्या भरवशावर गोळ्या वा इन्सुलिन बंद करणे हे धाडस आहे, आणि त्याची किंमत डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांना द्यावी लागते. पायांचे तर विशेष. मधुमेहाने पायांची संवेदना हळूहळू बोथट होते, आणि खडा रुतला तरी कळत नाही. आमच्या भागातून पंढरीच्या वारीला पायी जाणारे अनेक आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना हा विकार आहे, त्यांनी तापल्या वाटेने अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नये आणि रोज रात्री तळवे पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर हे काम घरातील मुलांनी करावे.

येथवर आम्ही बोललो ते वडीलमाणसांविषयी. परंतु हा विकार मुलांनाही होतो, आणि आमच्या लेखाचा खरा रोख तिकडे आहे. मुलांतील मधुमेह बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. त्यात शरीराचीच संरक्षणव्यवस्था स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. त्या मुलाने चॉकलेटे अधिक खाल्ली, किंवा आईने लाडाने गोड भरविले, म्हणून तो झालेला नसतो. तरीही नात्यागोत्यांतील बायका त्या आईला हेच ऐकवितात. आधीच खचलेल्या आईला असे बोलणे हा अज्ञानातून घडलेला क्रूरपणा होय, यापेक्षा सौम्य शब्द आम्हांस सापडत नाही.

१९२२ पूर्वी अशा मुलांना उपाशी ठेवून काही महिने जगविणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ साली स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढण्यात यश मिळविले, आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर जानेवारीअखेरीस दिलेली मात्रा लागू पडली, आणि मरणाच्या दारातील तो मुलगा आणखी तेरा वर्षे जगला. या औषधाचे हक्क संशोधकांनी टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला दिले. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो. शाळेत त्या दिवशी भाषणे होतात, खाऊ वाटला जातो. बँटिंग यांचे नाव क्वचितच निघते.

आज इन्सुलिन घेणारे मूल धावू शकते, खेळू शकते, परीक्षेत पहिले येऊ शकते. अडचण असते ती आपल्या लपवाछपवीची. मुलगी असेल तर विशेषच. ‘पुढे लग्न जमावयाचे आहे’ म्हणून तिची सुई, तिची कुपी, तिची खाण्याची वेळ, सारे दाराआड. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. स्थळे मोडतात हे आम्हीही पाहिले आहे. परंतु शाळेपासून ही गोष्ट लपविली, तर तासाला मुलगी घामाघूम होऊन निरुत्तर बसली असता शिक्षक तिला अभ्यास केला नाही म्हणून उभी करतील, आणि तिच्या रक्तातील साखर धोक्याच्या खाली गेली आहे हे वर्गात कोणाच्या ध्यानातही येणार नाही. शेजारच्या बाकावरील मैत्रिणीला ठाऊक असेल तर दोन मिनिटांत संकट टळते.

शाळांनीही काही शिकावयास हवे. दूरच्या एका गावी, परीक्षेच्या दालनात शिरताना एका मुलाची ग्लुकोजची पुडी नियमावर बोट ठेवून काढून घेतल्याचे आमच्या पाहण्यात आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ सालीच अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे, खाण्याचे जिन्नस आणि पाण्याची बाटली जवळ बाळगण्याची मुभा दिली. ही मुभा प्रत्येक शाळेने, घटक चाचणीपासून, लेखी नियम म्हणून द्यावी. ती पर्यवेक्षकाच्या मर्जीवर राहू नये. तासाला खाण्याची, पाणी पिण्याची, रक्त तपासण्याची आणि लघवीला जाण्याची परवानगीही अशा मुलाला दर वेळी मागावी लागू नये.

राहता राहिला तो प्रसंग, ज्या घटकेला आग्रह केलाच पाहिजे. इन्सुलिन वा काही गोळ्या घेणाऱ्या माणसाने जेवण चुकविले किंवा श्रम अधिक केले, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते; शांत मूल अकारण चिडते किंवा असंबद्ध बोलू लागते, आणि अनेकदा ‘मला काही झाले नाही’ असे म्हणते. त्याचे ऐकू नये. तीन भरलेले चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, ग्लुकोज किंवा साखर पाण्यात कालवून त्यास ताबडतोब प्यावयास लावावे, आणि पंधरा मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे. साखर तरीही खालीच असेल तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी, आणि बरे वाटल्यावर पोळी किंवा बिस्किटे खावयास द्यावीत. त्याला एकटे घरी पाठवू नये. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात थेंबही घालू नये. कुशीवर निजवून तत्काळ दवाखान्यात न्यावे.