आकडा ९५, पण कुठपर्यंत?

नेट जोडायला आलेला मुलगा जाता जाता मोबाईलवर स्पीड टेस्ट लावून दाखवतो. काटा सर्रकन ९५ वर जातो, आपण सही करतो. संध्याकाळी मात्र मुलीचा ऑनलाइन क्लास अडकत अडकत चालतो. तक्रार केली की ठरलेलं उत्तर, ‘मॅडम, टेस्टमध्ये तर बरोबर येतंय!’

येणारच! अशी टेस्ट बरेचदा कंपनीच्याच, जवळच्या सर्व्हरशी होते. म्हणजे आपल्याच अंगणात धावून शर्यत जिंकायची. यादीतून दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या शहरातला सर्व्हर निवडून बघा. तेही रात्री आठ-नऊला, सगळी गल्ली नेटवर असताना.

कधी दोष लाइनचा नसतोही. दोन भिंतींआड, स्वयंपाकघरात मोबाईल धरून केलेली टेस्ट ही वायफायची परीक्षा. लॅपटॉपला राउटरमधून थेट केबल लावा, बाकीचे मोबाईल, टीव्ही नेटवरून काढा, तीन-चार दिवस आकडे वहीत टिपा. आणि हो, १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीच उतरतात, कारण ८ बिट्सचा एक बाइट. त्यात लबाडी नाही.

खरी मेख आहे ‘अप टू’ या शब्दांत. ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला सरकारने २०२३ मध्ये किमान वेग ठरवला तो २ एमबीपीएस. जाहिरातीतले १०० कुठे आणि हे २ कुठे! दूधवाल्याने ‘लिटरपर्यंत’ दूध घातलं तर आपण लिटरचे पैसे देऊ का? गर्दीच्या वेळी किमान किती वेग मिळेल, ते कंपन्यांनी बिलावरच छापायला हवं.