कानात काय, बिलात काय?

सोनारानंच कान टोचावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. हल्ली ते काम रील्सनी हातात घेतलंय. 'डेलीवेअर डायमंड स्टड्स' असं एकदा नुसतं सर्च करा, पुढचे आठ दिवस फोन दुसरं काही दाखवणार नाही. त्यात लॅबमध्ये तयार होणाऱ्या हिऱ्यांनी किमती एवढ्या खाली आणल्यात की, आईच्या कपाटात दिसणारी गोष्ट आता इंटर्नशिपच्या स्टायपेंडमध्ये बसायला लागलीय. छानच आहे! आणि मुलांनो, तुम्हीही पान उलटू नका. भिकबाळी मिरवणाऱ्या मुलखातले आहात तुम्ही.

पण रोज घालायच्या कानातल्यात जे सगळ्यात आधी बघायचं, ते आपण सगळ्यात शेवटी बघतो. ती म्हणजे फिरकी! लोकलची गर्दी, हेल्मेट, ओढणी, हेडफोन, या सगळ्यात कानातलं रोज ओढलं जातं. नुसती दाबून बसवायची फिरकी हळूहळू सैल होते आणि एक दिवस जोडीतलं एकच घरी परत येतं. म्हणून आट्यांची फिरकी घ्या. खडा धरणारी सोन्याची टोकं ओढणीत अडकतील का, हे दुकानातच बोट फिरवून बघा. खड्याभोवती सोन्याची पूर्ण कड असेल तर आणखी निर्धास्त. २२ कॅरेट सोनं मऊ पडतं, त्यामुळे अशा कामाला १८ किंवा १४ कॅरेटच बरं.

आता 'कॅरेट'ची गंमत. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. लेबलवरचं वजन बहुतेकदा दोन्ही कानांचं मिळून असतं, तेव्हा आधी ते विचारा. पाव कॅरेटचा गोल हिरा साधारण ४ मिलिमीटरचा आणि अर्ध्या कॅरेटचा ५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे वजन दुप्पट, दिसायला फरक जेमतेम मिलिमीटरभर, पैसे मात्र दुप्पट किंवा त्याहून जास्त! भिंगातूनच दिसणाऱ्या डागांसाठीही खिसा रिकामा करू नका. तुमच्या कानाला भिंग लावून कोण बघणारे? चमक येते ती पैलूंमुळे. पैसे तिथे घाला.

लॅबचा घ्यायचा की खाणीतला? दोन्ही कार्बनच. नुसत्या डोळ्यांनी सोनारालाही फरक सांगता येत नाही. लॅबचा घेण्यात कमीपणाही काही नाही. २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी जिल बायडेन यांना दिलेला ७.५ कॅरेटचा हिरा लॅबचाच होता. फक्त 'ही गुंतवणूक आहे' असं कुणी पटवायला लागलं तर हसून सोडून द्या. लॅबच्या हिऱ्यांचे भाव गेली काही वर्षं घसरतच आलेत. उद्या विकायला गेलात तर सोन्याचे पैसे मिळतील, हिऱ्याचे फारसे नाही. दुकान परत घेणार असेल, तर कोणत्या भावानं हे बिलावर लिहून घ्या.

बिलावरून आठवलं. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो, हे तुम्हाला माहीत असेल. पण २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही आणि आपले इवलेसे स्टड्स नेमके तिथेच निसटतात! म्हणून हॉलमार्कचाच जोड मागा. नसेल, तर सोन्याची शुद्धता आणि वजन, हिऱ्याचं वजन आणि तो लॅबचा की खाणीतला, हे सगळं बिलावर वेगवेगळं हवं. मागायला लाजू नका. पैसे तुमचे आहेत.

आणि हो, हप्त्यांवर तर मुळीच नको. साठवून घ्या, लहान घ्या, पण रोज घाला. तेल-क्रीम बसून हिरा मंद दिसायला लागतो, तेव्हा कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. लग्नकार्याची वाट बघत डबीतच ठेवायचे असतील, तर इतका विचार करून घेतलेत कशाला?