पडदा, प्रोजेक्टर आणि गुरुजी

प्रथम सत्राची परीक्षा संपते. मुले दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती गोळा करायला पळतात आणि गुरुजी मोबाइल घेऊन शाळेच्या पायरीवर रेंज शोधत बसतात. यूडायस, सरल या सरकारी पोर्टलवरची आणि पोषण आहाराची माहिती भरायची राहिलेली असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांवर तंत्रज्ञान पोचले ते असे, कारकुनीच्या वाटेने.

शिकवण्याच्या वाटेनेही ते येते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातल्या पाठांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू यायची, व्हिडिओ दिसायचा. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. 2020 मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचे ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. बक्षिसाची चर्चा खूप झाली. क्यूआर कोडची ही सोय वर्गातल्या गरजेतून, शिकवणाऱ्याच्याच हातून निघाली, हे मात्र बोलण्यात मागे पडले.

आपल्याकडे बहुधा उलटे घडते. आधी वस्तू येते.

गणपतीला मुंबईहून गावी आलेले चाकरमानी हौसेने वर्गणी काढतात, शाळेला टीव्ही किंवा प्रोजेक्टर देतात, नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढच्या पावसाळ्यात ओल धरते, वीज जाते आणि यंत्रावर कापड पडते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडातली कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती.

गरजेपासून सुरुवात केली तर चित्र वेगळे दिसते. दोनशिक्षकी शाळेत एकाच वेळी दुसरीला कविता आणि चौथीला अपूर्णांक शिकवायचा असतो. रेंजमध्ये असताना सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरून कविता उतरवून ठेवली, तर दुसरी ती ऐकत बसते आणि गुरुजींना चौथीसाठी पंधरा मिनिटे मोकळी मिळतात. एवढी युक्ती कळायला मोठे प्रशिक्षण लागत नाही. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी एकदा करून दाखवली की पुरते.

आसपासच्या शाळांच्या केंद्राची, तिथल्या शिक्षकांची शिक्षण परिषद त्यासाठीच आहे. तिथला एक तास परिपत्रकांच्या वाचनातून सोडवून अशा प्रात्यक्षिकाला द्यावा, ही केंद्रप्रमुखांना विनंती. आणि मुंबईकर मंडळांनी यंदा नवा पडदा देण्याआधी गुरुजींना विचारावे: जुना का बंद आहे? उत्तर वीजबिल असेल तर ते भरावे, दुरुस्ती असेल तर ती करून द्यावी.