सेमिनार नको, समुपदेशक द्या

दहावीच्या आधी शाळेत 'ताणमुक्ती'वर तासभर भाषण, ग्रुप फोटो, विषय संपला! याला मदत म्हणायला मी तयार नाही.

'हे परदेशी फॅड' म्हणणाऱ्यांनी गोव्याच्या 'संगाथ'चं काम बघावं. दिल्लीच्या सरकारी शाळांत त्यांनी साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांकडून मुलांशी चार-पाच छोट्या भेटी केल्या. नुसती पुस्तिका दिलेल्यांपेक्षा या मुलांच्या अडचणी जास्त हलक्या झाल्या. जादू नाही, मानसिक लक्षणांत लगेच फरक पडला नाही. पण बिहारमधला त्यांचा दुसरा उपक्रम शिक्षकांनी राबवला तिथे काहीच हललं नाही, समुपदेशकांनी राबवला तिथे फरक पडला.

म्हणून हे ओझंही शिक्षकांवर टाकू नका. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत पोरांनी मनातलं बोलायचं कुठे? परळ-लालबागच्या प्रत्येक शाळेत एक समुपदेशक आणि दार बंद होणारी एक खोली, एवढंच मागतोय.